रिकाम्या वावराची जागली: याला वेड म्हणायचं का?

सेतूवाला_दिग्रस (प्रश्न)

आमचे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, वय सत्तरीच्या पुढे. यंदा शिमगा उलटला तरी त्यांची जागली, म्हणजे वावराची रात्रीची राखण, सुटली नाही. वावरात काही नाही. तूर निघाली, पराटी (कपाशीची झाडं) उपटून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर टाकली, हरभरा घरात आला, नांगरटीही झाली. तरी रोज जेवण झालं की टॉर्च, काठी, तेलाचा रिकामा डबा आणि वाकळ घेऊन निघतात. मचाणावर चढतात. रात्रभर मधून मधून डबा बडवतात आणि हाकारे देतात. पहाटे घरी येऊन चहा पितात आणि म्हणतात, "आज कमी होते."

पुण्या-मुंबईच्या लोकांसाठी सांगतो. आमचं शेत जंगलाच्या कडेला. रानडुकरं आणि रोही (नीलगाय), दोन्हींचा त्रास. सोयाबीन शेंगेवर आलं की निम्मा गाव रात्री वावरात असतो. डुकरांचा कळप एका रात्रीत तुरीचं एकर लोळवून टाकतो. त्यामुळे अंधारात न दिसणाऱ्या जनावराला आयमाय काढून शिव्या देणं, एकट्यानं मोठ्यानं गाणं म्हणणं, मध्येच उठून धुऱ्याधुऱ्यानं पळणं, हे आमच्याकडे भादव्यात सगळे करतात. मीही केलंय. तेव्हा त्याला शेती म्हणतात. तेच चैत्रात केलं तर माणूस बह्याड.

बाकी मोठेबाबांचं सगळं ठीक. तुरीचा भाव विचारा, बाजार समितीतला कालचा सांगतील. सोसायटीचा हप्ता कधी, हे पोरांच्या आधी त्यांना आठवतं. दूधवाला फॅट कमी लावत होता, ते त्यांनीच धरलं.

आता खरं कारण. रस्त्याला लागून त्यांचं तीन एकर आहे. गिऱ्हाईक आलंय, पेट्रोल पंप टाकायचा म्हणतो. मोठेबाबा सही करत नाहीत. तर माझा चुलतभाऊ, त्यांचा पोरगा, माझ्या सेतू केंद्रावर येऊन खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "बाबाचा येडेपणाचा दाखला काढाचा हाय. काय काय लागते?" आधार कार्डाची झेरॉक्स सोबत आणली होती.

मी उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासाचा, नॉन-क्रिमीलेअरचा असे दाखले काढतो. शहाणपणाचा दाखला आजवर कोणालाच काढून दिला नाही, माझ्याजवळही नाही. आमच्याच गावात एकानं पाणाड्याच्या हातातला नारळ उभा राहिला म्हणून चार बोअर मारले, चारही कोरडे. बायकोच्या अंगावरचं सोनं गेलं. त्याला कोणी वेडा म्हणत नाही, उलट पाचव्या बोअरसाठी दुसरा पाणाड्या सुचवतात. दुसरा एक मोबाईलवर रमी खेळून बैलजोडी हरला. तोही शहाण्यात.

मग रेषा आहे कुठे? आणि ती ओढतो कोण?

---

झटका_मशीन

भाऊ, वावराच्या कुंपणाले झटका मशीन लावून द्या, जनावराले करंट बसते. विषय खतम.

---

सेतूवाला_दिग्रस

लावलंय. दोन वर्षं झाली. मोठेबाबा म्हणतात, "मशीनले डोये नाईत."

---

काळा_कोट

तालुका कोर्टात वकिली करतो, तेवढ्यापुरतं बोलतो.

चुलतभावाला सांगा, असा दाखला अस्तित्वात नाही. आणि असता तर तो त्यांच्याच पायावर धोंडा ठरला असता. वडील वेडे ठरले तर त्यांच्या सहीला किंमत काय? मग खरेदीखत करणार कोण? १९८७ च्या जुन्या कायद्यात जिल्हा न्यायालय अशा माणसाच्या मालमत्तेवर व्यवस्थापक नेमू शकायचं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं तो जुना कायदा रद्द केला आणि ती तरतूद नव्यात आणली नाही. आता असं प्रकरण घेऊन लोक उच्च न्यायालयात जातात. दिव्यांग कायद्यात, २०१६ च्या, मर्यादित पालक नेमता येतो, पण तिथेही त्या माणसाशी विचारविनिमय करून निर्णय घ्यायचा असतो, त्याला बाजूला सारून जमीन फुंकायची सोय नाही.

तुमच्या मूळ प्रश्नावर. कायद्याला एकच रेषा माहीत नाही. ज्या कामासाठी विचाराल त्या कामापुरती तो ती ओढतो.

करार करायचा असेल तर १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२ बघा. ज्या क्षणी करार करतो त्या क्षणी माणसाला तो व्यवहार कळतो का आणि आपल्या हिताचं काय अहिताचं काय हे ठरवता येतं का, एवढंच त्यात विचारलंय. एरवी भ्रमिष्ट असणारा माणूस मधल्या शुद्धीच्या काळात करार करू शकतो, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. आणि एरवी शहाणा असणारा दारूच्या नशेत करू शकत नाही. म्हणजे रेषा माणसांच्या मधून जात नाही, एकाच माणसाच्या दिवसामधून जाते.

खून-मारामारीला वेगळं माप. १८४३ मध्ये लंडनला डॅनियल मॅकनॉटन नावाच्या माणसानं पंतप्रधान पील यांच्या सचिवाला गोळी घातली. आपल्यामागे सरकार लागलंय असा त्याचा भ्रम होता. तो सुटला, गदारोळ झाला, आणि त्यातून जे नियम बनले ते आपल्या दंड संहितेत कलम ८४ म्हणून आले. आता न्याय संहितेत ते २२ आहे. त्यात प्रश्न असा की कृत्य करताना ते काय आहे किंवा ते चूक वा बेकायदा आहे, हे त्याला कळत होतं का. आजार असणं पुरेसं नाही, कळण्याची ताकदच गेलेली असावी लागते.

आणि २०१७ च्या कायद्याचं कलम ३ प्रिंट काढून केंद्राच्या भिंतीला लावा. समाजाच्या रूढी, नीती, कामाच्या किंवा राजकीय मूल्यांशी, धार्मिक समजुतींशी एखादा जुळवून घेत नाही, एवढ्यावरून त्याला मानसिक आजार आहे असं ठरवता येत नाही. आजार निघाला तरी तेवढ्यावरून तो 'अस्थिर बुद्धीचा' ठरत नाही, ते न्यायालयानं ठरवायचं.

तीन एकर विकायला नकार देणं हा कुठल्याच कलमात वेडेपणा नाही. माझ्या मते या धाग्यातलं तेवढंच एक शहाणं काम आहे.

---

निवृत्त_गुरुजी_मोर्शी

आमच्यापासून रिद्धपूर जवळ. तेराव्या शतकात तिथे गोविंदप्रभू होऊन गेले, चक्रधरस्वामींचे गुरू. महानुभावांनी त्यांच्या लीळा लिहून ठेवल्या आहेत, आणि त्यात काहीही लपवलेलं नाही, याचं मला फार कौतुक वाटतं. कुणाच्याही घरात शिरायचे, समोर दिसेल ते खायचे, पोरांत पोर होऊन खेळायचे, देवळातल्या मूर्तींशी बोलायचे, एकटेच हसायचे, एकटेच रागवायचे. गावातले कित्येक त्यांना वेडेच म्हणत. आणि तीच माणसं अडली की राऊळांकडे, म्हणजे गोविंदप्रभूंकडेच, धाव घेत. एका गावानं एकाच माणसाबद्दल दोन्ही मतं एकाच वेळी बाळगली, आणि त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही.

शेगावला २३ फेब्रुवारी १८७८ ला गजानन महाराज पहिल्यांदा दिसले ते उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाताना. रस्त्यावरच्या शंभरातल्या नव्व्याण्णवांनी तोंड फिरवलं असेल. गाडगेबाबांनी १९०५ मध्ये बायका-पोरांचं घर सोडलं, चिंध्या पांघरल्या, डोक्यावर फुटकं गाडगं, हातात खराटा, आणि न सांगता कुणाचंही गाव झाडायला लागले. आज एखादा जावई असं करेल तर सासरचे त्याला कुठे नेतील, विचार करा.

तेव्हा मी म्हणेन, मोठेबाबांना त्यांच्या मचाणावर राहू द्या. रेषा गावाच्या पोटात किती जागा आहे त्यावर ठरते.

---

उमरखेडची_लेक

गुरुजी, माफ करा, पण हे वाचून डोकं तापलं.

माझा भाऊ एकविसाव्या वर्षी बोलायचा थांबला. मग रात्री भिंतीशी भांडायला लागला. आमच्या आजीला वाटलं, याच्यात काहीतरी दैवी आहे. लोक पाया पडायला यायचे, एकानं नारळही ठेवला. माझ्या भावाला त्यातलं काही नको होतं. त्याच्या कानात दोन माणसं त्याला विहिरीत जा म्हणत होती, हे त्यानं नंतर सांगितलं. पाया पडणारे कमी झाले तसा भगत आला, मग एका ठिकाणी नेऊन ठेवला, तिथे पायात साखळी. माझी आई तिथे दर अमावास्येला डबा घेऊन जायची. साखळीनं पायाला जखम झाली, ती दिसली म्हणून माझ्या मामानं भांडून त्याला बाहेर काढलं. मग नागपूर, मग गोळ्या. वजन वाढलं, हात थरथरायचे, एक गोळी बदलावी लागली. आता तो दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर जातो, संध्याकाळी हिशेबानं पैसे आणतो.

तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ ला आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेल्या पंचवीसहून जास्त माणसांना पळता आलं नाही. त्यातलंही कोणी घरच्यांना महाराज वाटलं असेल.

एक गोविंदप्रभू निघाला म्हणून बाकीच्यांना औषधावाचून ठेवायचं, हे गावाच्या पोटातली जागा नाही, गावाचा आळस आहे. सेतूवाल्या भाऊ, मोठेबाबांना विचारा की त्यांना भीती वाटते का. बाकी चर्चा नंतर.

---

निवृत्त_गुरुजी_मोर्शी

ताई, तुमचं पटलं नाही असं नाही. पण गाडगेबाबांना गोळी दिली असती तर काय, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

---

उमरखेडची_लेक

गाडगेबाबांना कोण गोळी देत होतं? ते रात्री कीर्तन करत, दिवसा झाडत, जमलेल्या पैशातून धर्मशाळा बांधत. माझा भाऊ महिनोन्महिने आंघोळ करू शकत नव्हता. हे दोन सारखे कसे दिसतात तुम्हाला?

---

सिस्टर_वर्धा

मनोविकार विभागात नोकरी केली आहे, आता गावपातळीवर काम करते. निदान करणं माझं काम नाही आणि इथे बसून ते कोणालाच करता येणार नाही. फक्त आम्ही काय विचारतो ते सांगते.

पहिलं, कधीपासून आणि कसं. म्हातारा माणूस दोन-चार दिवसांत अचानक बदलला, दिवसा बरा आणि रात्री भलतंच बोलतो, तर आधी लघवीचा जंतुसंसर्ग, सोडियम, साखर, नवीन सुरू झालेली गोळी, दारू सोडलीय का, हे बघायचं. ही अवस्था बहुतेकदा शरीरातून आलेली असते आणि मूळ कारण गेलं की बरेचदा ओसरते. फवारणीच्या विषबाधेचे पेशंट मी पाहिले आहेत. त्यावर उतारा म्हणून देतात त्या ॲट्रोपिनचा डोस चढला की माणूस चादरीवरून न दिसणारे किडे वेचत बसतो, बायकोला ओळखत नाही. डोस उतरला की लाजून विचारतो, मी काय बोललो. धोतऱ्याचं बी पोटात गेलं तरी तसंच. त्या रात्री तो रेषेच्या कुठल्या बाजूला होता म्हणायचं?

दुसरं, डोळे आणि कान. हे घरचे कधीच सांगत नाहीत. मोतीबिंदूनं किंवा पडद्याच्या आजारानं दिसणं कमी झालं की कधी कधी मेंदू स्वतःच चित्रं दाखवतो. माणसं, जनावरं, फुलांच्या वेली. १७६० मध्ये शार्ल बॉने नावाच्या स्विस अभ्यासकानं आपल्या आजोबांचं असंच वर्णन लिहून ठेवलंय. म्हाताऱ्याची दृष्टी अधू, त्याला माणसं, पक्षी, गाड्या दिसायच्या, आणि हे खरं नाही हेही त्याला पक्कं ठाऊक होतं. असे लोक आपल्याकडे गप्प बसतात, कारण बोललं तर वेडे ठरू ही भीती. स्मृतिभ्रंशाच्या एका प्रकारातही जनावरं दिसतात, पण त्यात चालणं मंदावतं, झोपेत हातपाय झाडले जातात, दिवसागणिक शुद्ध कमी-जास्त होते. ते डॉक्टर बघतील.

तिसरं, ताईंनी विचारलं तेच. भीती वाटते का, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होईल का, जेवण-झोप-आंघोळ-व्यवहार चालू आहे का. आणि 'कदाचित मला भास होत असेल' असं म्हणायची थोडी तरी फट मनात उरली आहे का.

एक इशारा. आम्हाला शिकवताना रोझेनहान यांच्या १९७३ च्या प्रयोगाबद्दल सांगत. धडधाकट माणसं 'आवाज ऐकू येतो' एवढं सांगून मनोरुग्णालयांत दाखल झाली, आत जाऊन नेहमीसारखी वागली, तरी ती वहीत लिहीत बसायची तेही लक्षण म्हणून नोंदवलं गेलं. त्या प्रयोगाच्या नोंदींवर पुढे एका पत्रकार बाईंनी गंभीर शंका घेतल्या, तेव्हा तो जसाच्या तसा मी कोणाच्या गळी उतरवणार नाही. पण वॉर्डात असं होताना मी पाहिलंय. एकदा शिक्का बसला की माणूस चिडला तर आजार, गप्प बसला तरी आजार. तुमच्या चुलतभावांनी 'येडा' एकदा चिकटवलं की सही न करणं हेच पहिलं लक्षण म्हणून सांगतील.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनवर, १४४१६ ला फोन करा, मोफत आहे, मराठीत बोलतात.

---

सेतूवाला_दिग्रस

सगळ्यांना उत्तर एकत्र देतो. काल रात्री मी मोठेबाबांसोबत मचाणावर बसलो.

महिना विचारला. "चैत चालू हाय. तुले काय वाटते, मले मयना समजत नाई?" वावरात काय आहे विचारलं. "ढेकलं." मग कायले राखता? यावर बराच वेळ बोलले नाहीत. डबा वाजवला. मग म्हणाले, घरी झोप लागत नाही. पोरानं कूलर आणलाय, तो रात्रभर डुकरासारखा गुरगुरते. इथं वारा लागते. आणि मग स्वतःहून, "पोरं सही मांगतात, डुकरं तूर मांगतात. डुकरं बरी, हाकललं तं जातात."

इथवर ऐकून मी मनात वकीलसाहेबांना फोन लावला होता.

मग म्हणाले, "तो पाय, आला." मला काही दिसलं नाही. म्हणाले, कळपात आपला ढवळ्या असतो. ढवळ्या म्हणजे त्यांचा बैल, मी शाळेत होतो तेव्हा साप चावून गेला. त्याला पुरलं त्या जागी आज चिंच आहे. मी म्हटलं, मोठेबाबा, ढवळ्या तर गेला. "मले मालूम नाई का? मीच गड्डा खंदला." मग येतो कसा? "तेच तं मी रोज पायतो, येते कसा."

आता सांगा, सिस्टर, ही तुम्ही म्हणता ती फट आहे की नाही? भीती वाटते का, हेही विचारलं. ढवळ्याची नाही वाटत म्हणाले. घरी दुपारी पोरं हळू आवाजात बोलतात तेव्हा वाटते.

आणखी एक. सकाळी उजेडात मी धुऱ्यापर्यंत गेलो. माती खरंच उकरलेली होती, ताजी, खुरांचे ठसे. कंदमुळं नाहीतर हुमणी शोधत आले असतील. म्हणजे डुकरं येतात. मोठेबाबांच्या सांगण्यातलं निम्मं तरी आमच्या घरच्यांपेक्षा खरं निघालं. ढवळ्याचे ठसे मी शोधले नाहीत, आणि का नाही शोधले ते मला सांगता येत नाही.

डोळ्याचं बरोबर असू शकतं. उजव्या डोळ्यात पांढुरकं दिसतं, टॉर्च मारली की पाणी येतं. ऑपरेशन दोन वर्षांपासून "सोयाबीन निघाल्यावर" चाललंय.

---

सिस्टर_वर्धा

फट आहे असं मलाही वाटतं. पण मी वाटण्यावर थांबणार नाही, तुम्हीही थांबू नका. नेत्रतपासणी आधी, त्यासोबत साखर, थायरॉईड, बी-१२. मग मनोविकारतज्ज्ञांकडे एकदा, आणि तिथे जाताना मुलांना सोबत नेऊ नका. डॉक्टर बोलतील तेव्हा मोठेबाबा एकटे असावेत. ऑपरेशननंतर ढवळ्या यायचा थांबला तर एक कळेल, नाही थांबला तर दुसरं कळेल. तोवर ढवळ्या खोटा आहे हे पटवत बसू नका. आणि हो, खरा आहे असंही म्हणू नका.

---

काळा_कोट

तपासणीचे कागद त्यांच्याच हाती ठेवा, झेरॉक्स तुमच्याकडे. उद्या कुणी कोर्टात गेलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांनी काय लिहिलं याला वजन असतं. आणि भावकीतला माणूस म्हणून एक सांगतो, कूलर दुसऱ्या खोलीत हलवा.

---

उमरखेडची_लेक

ते मचाण किती उंच आहे? रात्री लघवीला उतरतात ना ते? पांढुरक्या डोळ्यानं?

---

सेतूवाला_दिग्रस

दोन पुरुष तरी उंच असेल. शिडीच्या वरच्या दोन पायऱ्या हलतात, काल माझाच पाय सटकला. उद्या तार आणि पक्कड घेऊन जातो.